ताटावरचं नाव

सांगलीच्या कोर्टात मी नऊ वर्षं वकिली केली. बांधाचे वाद पाहिले, भाडेकरूंचे पाहिले, एकदा शेजारणीच्या कोंबड्यांनी खाल्लेल्या मेथीचाही वाद पाहिला. तेव्हा कुणी मला म्हणालं असतं, की पुढं तू कुवेतला जाशील आणि एका माणसाकडं कुत्रा नाही हे सिद्ध करण्यात आठ महिने घालवशील, तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण झालं तसंच. आणि हेही आधीच सांगून टाकते, की एवढ्या वर्षांत कुठल्या दाव्यात मला मनापासून मजा आली असेल तर ती ह्यातच. शेवटी माझी जी फजिती झाली, ती धरूनसुद्धा.

इथं आमच्यासारख्या परदेशी वकिलांना कोर्टापुढं उभं राहून बोलता येत नाही. मी शहरातल्या एका कुवेती वकिलांच्या ऑफिसात नोकरी करते. कागद वाचायचे, मुद्दे काढायचे, अरबीत कच्चा मसुदा लिहायचा आणि सुनावणीला मागच्या बाकावर गप्प बसायचं, हे माझं काम. गप्प बसणं मला कितपत जमतं ते माझ्या नवऱ्याला विचारावं. साहेब, म्हणजे आमचे वकील, साठीचे आहेत, शांत आहेत. मी तावातावानं बोलायला लागले की ते पेनाचं टोपण काढतात, लावतात, पुन्हा काढतात. तेवढ्यात माझा राग निम्मा उतरतो, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

कुत्रा नसलेला तो माणूस म्हणजे चाचा, हवल्लीतले शिंपी. मूळचे दापोलीकडचे, कोकणी मुसलमान, कुवेतमध्ये एकतीस वर्षं काढलेले. गल्लीच्या आतल्या बाजूला त्यांचं लहानसं दुकान. पँटी आखूड करणं, झिपा बदलणं, शाळेचे युनिफॉर्म शिवणं. माझ्या मुलाच्या पँटीच्या दुमडी दरवर्षी तेच उसवून खाली सोडायचे, एवढीच आमची ओळख. एका दुपारी ते गळ्यातली टेप तशीच विसरून आमच्या ऑफिसात आले आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसले.

त्यांचं परत जायचं ठरलं होतं. गावी घर बांधून झालं होतं, चाची तिथं एकट्या होत्या. ईद झाली की दुकान दुसऱ्याच्या हाती द्यायचं, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द करायचा आणि कायमचं घरी जायचं, असा त्यांचा बेत होता. त्यात हा कुत्रा आडवा आला. इथं दावा हरलात आणि भरपाई देता आली नाही, तर समोरचा तुमच्यावर सफरबंदी आणू शकतो. मग विमानतळावरून माणूस बॅगेसकट परत येतो. राहायचा कागद संपलेला आणि जायची परवानगी नाही, अशा स्थितीत अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. चाचांनीही पाहिली होती.

"बाय, मना दुसरा काय नको," ते म्हणाले. "मना फक्त घरी जाव द्या."

हकिगत साधी होती. दुकानाच्या मागं वाळूचं मोकळं मैदान आहे, लोक तिथं गाड्या लावतात. त्या गाड्यांच्या सावलीत एक तपकिरी कुत्रा राहायचा. चाचा चार वर्षं त्याला असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर खुब्बूस रोटीचे तुकडे आणि डब्यातली हाडं घालत होते. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक सीरियन मास्तर राहायचे, गणित शिकवणारे, एकटे, चाचांच्याच वयाचे. एका संध्याकाळी मास्तर गाडी काढायला आले तेव्हा कुत्रा त्यांच्या गाडीच्या चाकापाशी जेवत होता. मास्तरांनी किल्ल्यांचा जुडगा आपटून त्याला हुसकलं. त्यानं त्यांच्या पोटरीचा लचका तोडला, मास्तर मागच्या मागं पडले आणि मनगट मोडलं. चाचांनीच त्यांना टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं, इंजेक्शनं होईपर्यंत बाहेर बसून राहिले, पोलिसांनी विचारलं तेव्हा आपला बताका, म्हणजे ओळखपत्र, काढून दाखवला. कुत्र्याला नंतर प्राण्यांची काळजी घेणाऱ्या काही बायका शहराबाहेरच्या त्यांच्या आश्रयाच्या जागी घेऊन गेल्या. तो पिसाळलेला नव्हता, हे मास्तरांचं आणि आमचं नशीब.

त्यानंतर सहा दिवस चाचा रोज सकाळी भाताची पेज करून तिसऱ्या मजल्यावर नेऊन देत होते. सहाव्या दिवशी मास्तरांचा भाचा जिन्यात भेटला आणि म्हणाला, की मामांच्या हाताचं काय ते कोर्टात बघू. म्हणून चाचा माझ्याकडं आले होते.

मी लगेच कामाला लागले. "चाचा, आजपासून वर जायचं नाही. पेज नाही, फळं नाही, काही नाही. माफ करा हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. माफी मागितलीत की चूक कबूल केल्यासारखं होतं, उद्या त्यांचा वकील तेच कोर्टाला सांगेल."

"पन मास्तर एकटाच हाय वर. उजवा हात बांधलेला हाय."

"त्यांना भाचा आहे की."

"भाचा संध्याकाळचा येतो. सकाळी कोन नाय."

"चाचा, तुम्हाला घरी जायचंय ना?"

टेप गळ्यात आहे हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, ती काढून त्यांनी गुंडाळली आणि खिशात घातली. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि वर पुन्हा एकदा बजावलं.

बारा दिवसांनी दाव्याची नोटीस आली. मी चाचांना फोन करून म्हणाले, "बघा, सांगितलं होतं ना मी?" किती समाधानानं म्हणाले होते ते.

कायद्याचा प्रश्न एका वाक्याचा होता. जनावर ज्याच्या ताब्यात, ज्याच्या हुकमात, त्यानं त्या जनावराच्या उपद्रवाची भरपाई द्यायची. म्हणजे कुत्रा चाचांच्या ताब्यात होता की नव्हता, एवढंच. पट्टा नाही, साखळी नाही, घर नाही, डॉक्टरकडं कधी नेलेला नाही. मला वाटलं, दोन सुनावण्यांत आटपेल. मग समोरच्या वकिलांनी जोडलेले कागद आले, आणि त्यात एका स्टीलच्या ताटाचा फोटो होता.

ताट जुनं, एका कडेला चेपलेलं, मैदानातल्या भिंतीलगत ठेवलेलं. त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी देवनागरीत नाव घातलेलं. खाली अधिकृत भाषांतरकाराचा शिक्का आणि अरबीत मजकूर: श्वानाच्या भोजनपात्रावर प्रतिवादीचं संपूर्ण नाव आणि गाव कोरलेलं आहे. वकिलांनी त्यावर पानभर लिहिलं होतं. जो माणूस कुत्र्याच्या ताटावर स्वतःचं नाव कोरून घेतो तो कुत्र्याचा मालक नाही तर कोण, शुक्रवारच्या बाजारात लोक आपल्या लाडक्या कुत्र्यांसाठी अशीच भांडी बनवून घेतात, वगैरे.

मी इतकी हसले, की पलीकडच्या टेबलावरचा टायपिस्ट उठून आला. साहेबांना फोटो दाखवला आणि म्हणाले, "बघा काय पुरावा आणलाय!" साहेब हसले नाहीत. टोपण निघालं, लागलं.

"पण माणूस ताटावर नाव का घालेल?" त्यांनी विचारलं.

"का म्हणजे? त्याचं ताट आहे म्हणून."

"तुमच्या घरी ताटांवर नावं असतात?"

"असतात. ताटांवर, वाट्यांवर, तांब्यावर, डब्यांवर. भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून घेतात."

"चोर येऊन ताटं नेतात का?"

"चोर कशाला? शेजारी. नातेवाईक. लग्नाकार्यात भांडी इकडची तिकडं होतात."

साहेबांनी फोटो पुन्हा उचलून पाहिला. मग म्हणाले, "हे जज्जांना कसं सांगायचं?" तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की जे मला श्वास घेण्याइतकं साधं वाटतं, त्यावर ह्या देशात कुणी विश्वास ठेवणार नाही. माझं हसू जागच्या जागी वाळलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या दुकानात गेले. ताट त्यांच्या लग्नातलं होतं. आहेरात आलेलं, सासऱ्यांनी जावयाचं नाव घालून दिलेलं. एकतीस वर्षांपूर्वी ते बॅगेत घालून आणलं होतं, त्यात जेवत होते. कड चेपली तेव्हा ते कुत्र्याला दिलं.

"नाव होतं तर खरवडून का नाही टाकलंत?" मी वैतागून विचारलं.

"उलट बरं झालं नाव होतं ता," चाचा म्हणाले. "हितं मागच्या नळावर सगली भांडी धुवतात. कुनी चुकून हे उचललान, त्यात जेवलान तर? नाव बगून मना विचारतील, मी सांगेन, हे नको घेव, हे कुत्र्याचा हाय."

नळाशेजारच्या खिडकीत दुधाच्या पावडरीचा एक डबा होता. त्यात माती. मी विचारलं, झाडं लावताय की काय? चाचा जरा लाजले. मग त्यांनी समजावून सांगितलं. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्यात कुत्र्याची लाळ लागली, की ती जागा सात वेळा धुवायची, त्यातलं एकदा मातीनं. इथल्या बऱ्याच लोकांचं तसं नाही, ते मालिकी, त्यांना कुत्र्याचं एवढं वावडं नसतं. "तेंचा तेंच्यापाशी, आमचा आमच्यापाशी," चाचा म्हणाले. चार वर्षांत त्यांनी कुत्र्याला एकदाही हात लावला नव्हता. ताटसुद्धा केरसुणीच्या दांड्यानं पुढं ढकलायचे. एकदा कुत्र्यानं प्रेमानं त्यांचा पायजमा चाटला, तेव्हा भर थंडीत ते नळाखाली उभे राहिले आणि पाय सात वेळा धुऊन, पायजमा पिळत आत गेले. शेजारचा न्हावी, जो मधूनच कान देऊन ऐकत होता, तो म्हणाला, "आम्ही मोजत होतो. पाचव्याला हे विसरले आणि पहिल्यापासून सुरू केलं."

मला तो माणूस तेव्हापासून फार आवडायला लागला. एखाद्या जनावराला शिवायचं नाही आणि उपाशीही ठेवायचं नाही, आणि ह्या दोन्ही गोष्टी चार वर्षं न कुरकुरता पाळायच्या. मला पोळीसुद्धा कुरकुरल्याशिवाय लाटता येत नाही.

साहेबांना मातीचं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले. ते स्वतः मालिकी. "जो माणूस कुत्र्याला शिवत नाही, तो त्याला ताब्यात कसा ठेवेल?" ते स्वतःशीच म्हणाले आणि न्हाव्याचं नाव साक्षीदारांत लिहून घेतलं. राहिली भांडी. त्यासाठी मी आमच्या इथल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं: कोर्टाच्या कामासाठी नाव घातलेल्या भांड्यांचे फोटो हवे आहेत, नाव स्पष्ट दिसलं पाहिजे.

सकाळी अकराला लिहिलं. दुपारच्या जेवणापर्यंत फोन गरम झाला होता. अहमदीतल्या जुन्या कंपनी क्वार्टर्समधून एकीनं तांब्याचं घंगाळ पाठवलं, त्यावर तिच्या आजेसासऱ्यांचं नाव. नांदेडच्या एकीनं पोळपाट पाठवला. पोळपाटावर नाव मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. एकीच्या फुलपात्रावर चक्क तिच्या भावाच्या मुंजीची हकिगत होती. आणि ह्या गडबडीत, दोन गणपतींपूर्वी हरवलेला एक मोदकांचा डबा दुसऱ्याच एका बाईच्या ओट्यावर, मागं ठेवलेला, फोटोत सापडला. ग्रुपवर तासभर शांतता होती. मग "अगं, मी द्यायलाच येणार होते" सुरू झालं. मी कोर्टाचं काम पुढं करून दोघींना कसंबसं आवरलं.

घरी मी स्वयंपाकघरातली सगळी कपाटं ओट्यावर रिकामी केली होती. बनेद अल-गारच्या आमच्या स्वयंपाकघरातून दोन इमारतींच्या मधे समुद्राची एक पट्टी दिसते. त्या उजेडात मी सासूबाईंच्या डब्याचा फोटो घेत होते, तर लेक शाळेतून आला आणि दारात थबकून म्हणाला, "मॉम, इज आजीज डबा अंडर अरेस्ट?" मी म्हटलं, नाही, साक्षीदार आहे. त्यानं बॅग टाकली आणि डबा हातात धरून उभा राहिला, म्हणजे फोटोला सावली पडणार नाही.

कोर्टानं साक्षी घ्यायचं ठरवलं आणि चाचांनाही स्वतः हजर राहून उत्तरं द्यायला सांगितलं. त्याआधी मी त्यांना तयारीसाठी बोलावलं. तिथं आमचं बिनसलं.

"जज्ज विचारतील, कुत्र्याला रोज घालायचात का. तुम्ही म्हणायचं, कधीकधी."

"रोज घालायचो."

"ते मला ठाऊक आहे. रोज म्हणालात की पाळलेला वाटतो. कधीकधी म्हणा."

"कसा म्हनू? रोज घालायचो. शुक्रवारी पन. रोजे असतानाबी, इफ्तारच्या आधी."

"चाचा, कधीकधी म्हणायला तुमचं काय जातं?"

"माजाच जाईल ना, बाय."

मी हातातली फाइल टेबलावर आपटली. आवाज जरा जास्तच झाला. मी म्हणाले, तुमच्या ह्या रोजपायी तुम्ही इथंच राहाल, घरी चाची आणखी पाच वर्षं वाट बघत बसतील, आणि मग मला विचारायला येऊ नका. चाचांचे डोळे भरून आले, तरी मान हलली नाही. साहेबांनी टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाले, "त्याला रोज म्हणू दे. दुसरं त्याला म्हणताच येणार नाही." मी दोन दिवस साहेबांशी कामापुरतं बोलले. वकिलानं अशिलाची बाजू घ्यायची की त्याच्या हट्टाची, असा माझा राग होता.

सुनावणीच्या दिवशी साहेबांनी सासूबाईंचा खरा डबा बरोबर घेतला. कोर्टाच्या दारातल्या यंत्रात तो पडद्यावर काळा गोळा दिसला आणि पोलिसानं तो उघडायला लावला. आत काही नव्हतं, पण झाकण उघडताच मेथीच्या लाडवांचा असा वास सुटला, की त्यानं आधी आत पाहिलं, मग माझ्याकडं. मला उगाचच रिकामा डबा आणल्याची लाज वाटली.

न्हाव्यानं सात वेळा धुण्याची गोष्ट रंगवून सांगितली. जज्ज ऐकत होते, चेहरा हलत नव्हता. मग साहेबांनी भांड्यांचे फोटो दिले आणि डबा पुढं ठेवला. जज्जांनी तो हातात घेऊन फिरवला, टिंबांवरून बोट फिरवलं.

"हे कुणाचं नाव?"

"आमच्या ऑफिसातल्या सल्लागार बाईंच्या सासूबाईंचं."

"त्या कुवेतमध्ये असतात?"

"नाही, भारतात."

"मग त्यांचा डबा इथं कसा?"

साहेबांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी बाकावर खाली सरकले. सासूबाई तीन वर्षं दर फोनला तेच विचारत होत्या. कोर्टात हशा पिकला, जज्जांच्याही ओठांचा कोपरा हलला, आणि मला वाटतं ताटावरच्या नावाचा अर्थ त्या क्षणी सगळ्यांना कळला. पलीकडच्या बाकावर मास्तर बसले होते. मनगटाला अजून पट्टा होता. ते हसले नाहीत.

मग चाचांना उभं केलं. बाजारातल्या अरबीत, पण ठणठणीत, त्यांनी उत्तरं दिली.

"ह्या कुत्र्याला तू खायला घालायचास?"

"हो. रोज."

"रोज?"

"चार वर्षं. एक दिवस चुकवला नाही."

मी डोळे मिटून घेतले.

"ताट तुझं?"

"माझं. नावही माझं."

"मग कुत्रा कुणाचा?"

"कुणाचाच नाही. माझा असता तर मी बांधला असता. आणि बांधला असता तर मास्तरांचा हात आज धड असता."

एवढं बोलून ते मास्तरांकडं वळले. त्यांचे ओठ हलले आणि मला वाटलं, आता हे माफी मागणार. पण त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तोंड मिटलं आणि खाली बसले. तेवढं मात्र त्यांनी माझं ऐकलं.

पाच आठवड्यांनी निकाल आला. कुत्रा प्रतिवादीच्या ताब्यात नव्हता, त्याच्यावर प्रतिवादीचा काही हुकूम चालत नव्हता, दावा फेटाळला. अपिलाची मुदत गेली, अपील झालं नाही. मी ऑफिसभर बासबूसा, इथली रव्याची मिठाई, वाटली. खरंच सांगते, मुलगा झाला तेव्हाही मी इतकी नाचले नव्हते. चाचांनी शुक्रवारच्या विमानाचं तिकीट काढलं आणि बुधवारी ते ऑफिसात आले. मला वाटलं, निरोप घ्यायला आले असतील.

"बाय, आता जाव काय?"

"जा की! आता कोण अडवतंय? चाचींना माझा नमस्कार सांगा."

"घरी नाय. वरती. मास्तराकडं."

आठ महिने झाले होते. मी विसरून गेले होते, ते विसरले नव्हते. कायमचं गाव सोडून जाताना ओळखीच्या प्रत्येक माणसाकडून, बोलण्याचालण्यात काही दुखलं असेल तर माफ कर, असं म्हणून माफी घ्यायची त्यांच्यात रीत आहे. गल्लीतल्या सगळ्यांकडं ते जाऊन आले होते. न्हाव्याकडं, बकाल्याकडं म्हणजे किराणावाल्याकडं, दुधवाल्याकडंसुद्धा. एक दार राहिलं होतं, आणि तिथं जायला त्यांना माझी परवानगी हवी होती. मला गंमत वाटली आणि मी म्हटलं, चला, मीही येते.

मास्तरांनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि बाजूला झाले. चाचांच्या हातात कागदात गुंडाळलेली एक करडी पँट होती. कुत्रा चावायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी ती आखूड करायला टाकली होती. तीसुद्धा ह्या आठ महिन्यांत वर न्यायची त्यांची हिंमत झाली नव्हती. मास्तरांनी पँट घेतली, शिवण पाहिली, मान हलवली. मग डाव्या हातानं किटली उचलून काळा चहा ओतला. चाचांनी माफीचे शब्द उभ्यानंच म्हटले. मास्तर म्हणाले, बस आधी.

"निकाल लागल्यावर भाचा म्हणाला, वरच्या कोर्टात जाऊ," मास्तर म्हणाले. "मी म्हटलं, नको. तू रोज म्हणालास ना, तिथंच माझा राग गेला. मला वाटलं होतं, तू म्हणशील, मी त्या कुत्र्याला ओळखतसुद्धा नाही. निदान म्हणशील, कधीमधी घालायचो."

मी चहाकडं बघत राहिले.

"पण एक सांग," मास्तर पुढं म्हणाले. "सहा दिवस तू पेज घेऊन आलास. सातव्या दिवशी आला नाहीस. आठव्या दिवशी मी खाली उतरलो तर मला बघून शटर अर्धं ओढलंस. भाचा पहिल्या दिवसापासून दावा लाव म्हणत होता. मी त्याला सांगायचो, अरे, तो रोज वर येतो, त्याच्यावर कसला दावा? तू यायचा थांबलास, मग त्याला काय सांगू ते मला सुचेना. का थांबलास?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं नाही. जमिनीकडं बघत ते म्हणाले, "घाबरलो. कुणी काही बोललं नाही. माझंच डोकं फिरलं."

जज्जांपुढं ज्या माणसाला "कधीकधी" म्हणता आलं नव्हतं, तो माझ्यासाठी, माझ्यासमोर, धडधडीत खोटं बोलत होता. आणि तेही किती सहज. मला क्षणभर वाटलं, जाऊ दे, चाललंय ते बरं चाललंय, चहा प्यावा आणि उठावं. माझे कान तापले होते. "बघा, सांगितलं होतं ना मी?" हे माझं फोनवरचं वाक्य मला अगदी माझ्याच आवाजात ऐकू आलं.

"मास्तर," मी म्हणाले, "त्यांना मी अडवलं होतं. वकील म्हणून. माफीसुद्धा मागायची नाही, असं मीच बजावलं होतं."

"नाय, नाय, बाय..." चाचा मराठीत पुटपुटले.

मास्तरांनी पेला खाली ठेवला. गणितातली एक पायरी गाळणाऱ्या मुलीकडं बघावं तसं त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"म्हणजे दावा मी भलत्याच माणसावर लावला," ते म्हणाले.

दोघंही म्हातारे हसायला लागले. त्या खोलीत वकील मी एकटीच होते, आणि माझ्याकडं बचाव नव्हता.